मांजरांची जत्रा

"आयरिन आँटी, अजून मजा पाहिजे. जत्रेतली मांजरं आहेत ती, बँकेच्या रांगेतली नाहीत," यतीन काचेपलीकडून म्हणाला.

आयरिनने हेडफोन सारखा केला, घोटभर कोमट पाणी प्यायली आणि पुन्हा माईकसमोर उभी राहिली. पडद्यावर एक तपकिरी मांजर मागच्या पायांवर उभं राहून गिरकी घेत होतं. मग दुसरं, मग तिसरं, मग अख्खा धक्का मांजरांनी भरून गेला. जपानी कार्टूनपट होता, पन्नासेक वर्षांपूर्वीचा, तिकडे म्हणे घराघरांत माहीत असलेला. आता कुठल्याशा पोराटोरांच्या चॅनेलसाठी तो मराठीत येत होता आणि मराठीत त्याचं नाव ठरलं होतं 'मांजरांची जत्रा'.

आयरिनला मांजराचा आवाज शोधायला काही लांब जावं लागलं नाही. उत्तनजवळ तारोडीला, ती राहते त्या गल्लीतच मागच्या महिन्यात एक मांजर असंच नाचलं होतं. तिच्या दिराच्या, रुबेनच्या घरचंच. रुबेन म्हणजे नमुना. त्याने लगेच मोबाईल काढला, व्हिडिओ घेतला, मागे ढोल-ताशा लावला आणि तो अख्ख्या उत्तनभर फिरवला. मांजर गोल गोल फिरतंय, भिंतीवर आपटतंय, उठतंय, परत फिरतंय. हसून हसून लोकांची पोटं दुखली. आयरिनसुद्धा डोळ्यांतून पाणी येईतो हसली होती. तेच मांजर तिने आता डोळ्यांपुढे आणलं आणि घशातून असा काही आवाज काढला की यतीनने हसत अंगठा वर केला.

आयरिनचं आयुष्य म्हणाल तर हे असंच, दुसऱ्यांच्या तोंडात गेलेलं. चर्चच्या कॉयरमध्ये गायची. तिथून कुणीतरी तिला मीरा रोडच्या ह्या स्टुडिओत आणलं, का, तर रडायला बायका कमी पडत होत्या. तेव्हापासून ती गर्दी करते. मालिकेत मयताला जमलेल्या बायका ती, बाजारातला गलका ती, नायिकेच्या लग्नात मागे कुजबुजणाऱ्या मावश्याही तीच. शेवटी नावं धावतात त्यात तिचं नाव कधी आलं नाही, आणि आलं असतं तरी वाचत कोण बसतंय? ह्या वेळी मात्र मांजरांबरोबर तिला एक खरीखुरी भूमिका मिळाली होती, एका कोळणीची. त्या कोळणीची मुलगी बोलत नाही, चालत नाही, मान धरत नाही, आणि तरी सगळं गाव तिला 'आमचं धन' म्हणतं. आयरिनला वाटलं, असेल कुणी शापबीप लागलेली राजकन्या.

चहाच्या वेळी सुचेता शेजारी येऊन बसली. सिनेमाचं मराठी तिने केलं होतं. बरीच वर्षं जपानी शिकवणारी बाई, दादरहून मीरा रोडला राहायला आलेली, एकदा बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार करणारी. आज तिचा स्वतःचाच चहा गार होत होता. आयरिनने सहज विचारलं, मॅडम, मांजरं जमली ना? सुचेताने कप खाली ठेवला.

"ती नाचत नाहीयेत, आयरिनताई. मरतायत."

मग तिने सांगितलं ते आयरिनने हातातलं बिस्किट तसंच धरून ऐकलं. हा सिनेमा काढणारा माणूस जपानातल्या एका खाडीकाठचा. तिथे एक कारखाना होता, त्याचं पाणी खाडीत जायचं. पाण्यातून विष माशात, माशातून मांजरात. मांजरं आधी गेली. गोल फिरायची, भिंतींवर डोकं आपटायची, पाण्यात उड्या घ्यायची, आणि लोक म्हणायचे, बघा, मांजरं नाचायला लागली. मग माणसांचे हात कापायला लागले. सिनेमातल्या आजीच्या हातातून भाताचा वाडगा पडतो आणि नातवंडं टाळ्या पिटतात ना, तो काही विनोद नाही. हॅट घातलेला गोरागोमटा साहेब घरोघरी मिठाई वाटतो, तो कारखान्याचा माणूस. अर्ध्या गावाची चूल त्या कारखान्यावर, उरलेल्या अर्ध्याची माशांवर. मग बोलणार कोण? जो आजारी पडला त्याच्या दारात शेजारी जाईनासे झाले, कारण त्याचं नाव निघालं की गावाची मासळी पडून राहायची. सरळ सांगायची सोय नव्हती, म्हणून ह्या माणसाने ते मुलांच्या सिनेमात घातलं. मुलं हसली. मोठ्यांना कळलं आणि तेही हसले. सुचेताने चॅनेलला हे सगळं लिहून कळवलं होतं, पण त्यांना मांजरं नाचायलाच हवी होती.

"आणि ती मुलगी?" आयरिनने विचारलं.

"तिची आई तेच मासे खायची. आईला काही झालं नाही. पोटातल्या बाळाने सगळं विष स्वतःकडे ओढून घेतलं. म्हणून तिला धन म्हणतात. आईला वाचवलं म्हणून."

"जल्मली तवाच कळलं असंल ना?"

"नाही हो. पोटात चांगली लाथा मारायची म्हणे ती मुलं. जन्माला आली तीही गोरीगोमटी. काही महिन्यांनी लक्षात आलं की मान धरत नाही."

आयरिनने बिस्किट बशीत ठेवलं. पण काम ते काम. यतीनने हाक मारली, ती उठली, माईकसमोर गेली आणि कोळणीचं वाक्य म्हणाली: "माझं धन गं ते. माझ्या वाटचं सगळं तिनंच घेतलं." पहिल्याच टेकला ओके झालं. यतीन म्हणाला, आँटी, तुम्ही आजवर गर्दीत वाया गेलात. एरवी हे ऐकून ती आठवडाभर हवेत चालली असती.

आता तिच्या घरचं सांगायला हवं. नवरा मायकेल. गुडघे गेले तेव्हापासून मोठ्या बोटीवर जात नाही. छोटी होडी घेऊन खाडीत शिरतो, पागाचं जाळं फेकतो, आणि बोय मासा, कोलंबी, जे घावेल ते आणतो. मुलगा ट्रेव्हर जहाजावर. सून शॅनन घरी, सातवा महिना लागलेला. ती गरोदर आहे असं कळल्यापासून मायकेल रोजची सगळ्यात मोठी बोय तिच्यासाठी बाजूला काढायचा, अगदी गिऱ्हाईक हात लावायच्या आत. आणि खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे आधी मिठागरं होती, तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. केमिकलची रिकामी पिंपं तिथे धुतात आणि पाणी खाडीत सोडतात. कुणापासून लपलेलं नव्हतं ते. पाणी एखाद्या दिवशी पिवळं दिसायचं, एखाद्या दिवशी तांबूस, आणि दोघे भाऊ त्यावर थट्टा करायचे की आज कुणाची हळद आणि कुणाचं लग्न.

उत्तनच्या बसमधून ती उतरली तेव्हा ऊन कलत होतं. बांबूंवर बोंबील वाळत होते. एरवी त्या बांबूंखाली मांजरांची पलटण असते, पायात पायात येऊन चालू देत नाही. आज खाली फक्त कावळे होते. तिने आठवून पाहिलं, काल होती का? परवा? रुबेनचं नाचून मेलं. कोपऱ्यावरच्या घरचं विहिरीत सापडलं. बाकीची कधी गेली ते कुणी पाहिलंच नव्हतं. ती जवळजवळ पळतच घरी पोचली.

शॅनन ताट घेऊन बसली होती. उशिरा भूक लागते तिला. ताटात तळलेली बोय, मायकेल समोर बसून काटे काढून देत होता. आयरिनने चपलासुद्धा काढल्या नाहीत. तिने सुनेच्या पुढचं ताट उचललं, आत नेलं, आणि मग बाहेर येऊन सगळं सांगितलं. मांजरं, वाडगा, हॅटवाला साहेब, ते धन, सगळं. सांगताना आवाज चढू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तेवढं तिला जमलं. त्या पोरी पोटात लाथा मारायच्या, एवढं मात्र ती बोलली नाही. सुनेच्या तोंडाकडे बघून ते तिला बोलवेना.

मायकेल आधी हसला. कार्टून बघून आलीस आणि मला मासळी शिकवतेस, म्हणाला. मग त्याला राग आला, आणि तो राग खरा होता. ह्याच खाडीतलं खाऊन त्याच्या आईने पाच पोरं काढली होती. ट्रेव्हर ह्याच खाडीवर वाढला होता. आपण हौसेने, मायेने वाढलेल्या घासाला बायको विष म्हणते, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

"तुना कोनी सांगितला का ह्या पान्यात तसाच हाय?"

"कोनी न्हाय. असंल, नसंल. मना ठाव न्हाय," आयरिन म्हणाली. "पन मी तिला देनार न्हाय."

आवाज ऐकून रुबेन आला. त्याला दोन वाक्यांत कळलं, आणि विनोदी माणसाचा चेहरा असा काही झाला की आयरिनने त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. तो दार लावून घेऊन बोलला. वहिनी, हे गल्लीत गेलं तर खाडीची मासळी सोडा, बोटींची पापलेटं पण कुणी घेणार नाही. भाईंदरचं गिऱ्हाईक काय विचारायला येणार आहे की ही खाडीतली की समुद्रातली? मांजराला कुणी उंदराचं औषध घातलं असेल. आयरिनने त्याला एवढंच विचारलं की तुझ्या घरी आता किती मांजरं उरली. त्याने दार उघडलं आणि जाताना मोठ्या भावाला म्हणाला, "दादा, तिला आवर. आमच्या पन पोरांची तोंडं हायत."

शॅनन बोटाला लागलेलं तेल ओढणीला पुसत होती, पुसत होती.

"मम्मी, मी तर पहिल्या महिन्यापासून खाते ना?"

आयरिन म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ, रक्त तपासून घेऊ, पुढच्या गोष्टी पुढे. तिने पटकन पेज टाकली. मायकेल अंगणात जाऊन बसला तो जेवायलाही आत आला नाही.

सकाळी आयरिन उठली तेव्हा होडी जागेवर नव्हती. म्हणजे ऐकलं नाही तर, असं तिच्या मनात आलं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिला नवऱ्याची भीती वाटली. आज त्याने बोय आणली आणि हट्टाने ताटात वाढली तर आपण काय करू, हे तिला ठाऊक नव्हतं. ती शॅननला घरात थांब म्हणाली आणि धक्क्यावर गेली.

मायकेलची होडी नुकतीच लागली होती. पाटी भरलेली होती. बोय चांगली हातभर, चकचकीत, अजून तोंड हलवणारी. चंपा येऊन थांबली होती. ती मीरा रोडकडच्या पेणकरपाड्याची, रोज त्याच्याकडून घेते आणि तिकडे बिल्डिंगींमध्ये दारोदार विकते. पलीकडे रुबेन त्याची होडी ओढत होता. चंपाने सवयीने पाटीत हात घातला आणि मायकेलने तिचं मनगट धरलं. धरलं ते हळूच, पण धरलं.

"न्हाय, चंपा. आज न्हाय."

"दुसऱ्याला दिली काय?"

"कोनालाच न्हाय. उद्या पन न्हाय."

चंपा हसली, तिला वाटलं भाव वाढवतोय. रुबेन ओढायचा थांबला होता. त्याने लांबूनच मान हलवली, नको म्हणून. मायकेलने त्याच्याकडे पाहिलं, मग आयरिनकडे पाहिलं, आणि मग चंपाला स्पष्ट म्हणाला, "माझ्या सुनेच्या ताटातून जी काढली ती तुना कशी विकू?"

का, काय, ते त्याने तिला दोन शब्दांत सांगितलं. धक्क्यावरच्या चार बायकांनी ऐकलं. चंपाने आपल्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. तिलाही घर होतं, तिचीही गिऱ्हाइकं वाट बघत होती. मग ती वळली आणि रुबेनच्या होडीकडे गेली. रुबेनने भावाकडे पाठ करून तिला भरून दिली. टोपली डोक्यावर घेऊन ती रिक्षाकडे निघाली तेव्हा मायकेलने तोंड उघडलं, पण तोवर ती लांब गेली होती.

त्याने घरामागे खड्डा खणला, पाटी त्यात रिकामी केली, वर माती आणि मातीवर दगड ठेवले. मग हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, आणि आत येऊन सुनेसमोर जमिनीवर बसला. कालपासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

"हललं का गं आज?"

"हललं डॅडी. सकाळपासून नुसत्या लाथा मारतंय."

मायकेलचा चेहरा असा सैल झाला, की बघणाऱ्याला रडू यावं. बरं झालं, बरं झालं, असं तो दोनदा म्हणाला. आयरिन चुलीपाशी पाठमोरी उभी होती. सुचेताचं ते लाथांचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिने ते गिळलं आणि कुणाला दिसू नये म्हणून डाळ घोटत राहिली, डाळीचं पाणी झालं तरी घोटत राहिली.

"भाजी आनतो," मायकेल म्हणाला आणि पिशवी घेऊन उठला. जन्मात त्याने कधी भाजी आणली नव्हती. मासळी असताना भाजी कोण आणतं?

गल्लीच्या तोंडाशी भय्याची हातगाडी उभी होती. आयरिन दारातून बघत होती. मायकेल गाडीपुढे बराच वेळ नुसता उभा राहिला, हात मागे बांधून. मग त्याने एक दुधी उचलला, बोटाने दाबून पाहिला, उलटा केला आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"क्या देख रहे हो, चाचा? ताज़ा है," भय्या म्हणाला.

"बहू के वास्ते चाहिए," मायकेल म्हणाला, आणि त्याने तो दुधी पुन्हा एकदा हुंगला.