वरचं गाव, खालचं गाव

खेळ छापखान्यात जायला नऊ दिवस उरले होते आणि माझ्यासमोर बसून तो खेळणारा माणूस पाय मोडून घरी पडला होता. तो माझा कचेरीतला सहकारी. आम्ही दोघं सरकारी दप्तरखान्यात कामाला. पस्तीस वर्षांपूर्वी डोंगरात झालेल्या बंडाच्या फायली तिथे माझ्या ताब्यात आहेत. त्या चाळता चाळता मला हा खेळ सुचला आणि चार वर्षं मी त्याच्यामागे हात धुऊन लागले. एक जण सरकार, दुसरा बंडखोर. टेबलभर नकाशा, दोनशेच्या वर सोंगट्या, बहात्तर पत्ते आणि नियमांची चाळीस पानं. एवढ्यात लोक दोन पोरं वाढवतात, असं आई म्हणायची.

प्रकाशकाला शेवटचे तीन डाव खेळून झालेले हवे होते. मी दोन दिवस नुसती कपाळाला हात लावून बसले. तेव्हा बाबा म्हणाले, मी बसतो.

मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. त्या बंडाच्या वेळी बाबा डोंगरातल्या एका सरकारी चौकीवर वायरलेस सांभाळायचे. घरात आम्हाला एवढंच माहीत होतं. पुढचं काही विचारलं की ते चहा टाकायला उठायचे. त्यात दीड वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आईने मला स्वयंपाकघरात गाठून बजावलं, त्यांना काही झालं तर तुझा तो पट मी चुलीत घालीन.

शनिवारी दुपारी आम्ही बसलो. बाबांनी बंडखोरांची बाजू मागितली. नियम त्यांनी एकदाच ऐकले. बंडखोरांच्या सोंगट्या पालथ्या ठेवायच्या. काहींखाली माणसं असतात, काही कोऱ्या. सरकारने गावाची झडती घेतली की सोंगटी उलटायची. कोरी निघाली तर ते गाव सरकारवर रुसतं आणि बंडखोरांचं बळ वाढतं.

बाबांनी दोन तास एकही हल्ला केला नाही. ते नुसते सोंगट्या इकडून तिकडे सरकवत होते. माझी पाळी आली की माझा हात अडखळायचा. कोणत्या गावात माणसं आहेत, कोणत्यात नाहीत, काहीच पत्ता लागत नव्हता. तिसऱ्या झडतीतही कोरी सोंगटी निघाली तेव्हा मी खुर्चीच्या टोकाशी येऊन बसले होते. स्वतः बनवलेल्या खेळात मी घाबरत होते, याचं मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. खेळ चालत होता तर.

चौथ्या झडतीसाठी मी नकाशाच्या वरच्या कोपऱ्यातलं एक गाव निवडलं. एकाच नावाची दोन गावं तिथे आहेत, एक वरचं, एक खालचं. वरच्या गावावर लाल त्रिकोण छापलेला होता. बंडखोरांचा तळ. मी फासा उचलला.

"तिथे कोणी नाही," बाबा म्हणाले.

मला वाटलं ते डावाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, बाबा, असं सांगायचं नसतं. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टेबलाची कड धरली होती आणि ओठ पांढरे पडले होते. मी आईला हाक मारणार तोच त्यांनी हाताने खूण करून मला थांबवलं.

"हा त्रिकोण कुठून आणलास?"

अहवालातून, मी सांगितलं. वरच्या गावात तळ होता, तो उद्ध्वस्त केला, चाळीस घरं पाडली, असं सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे.

मग ते बोलले, नकाशाकडेच बघत. बंडखोर कोणत्या गावात आहेत याचा निरोप त्या दिवशी आला तेव्हा यंत्रात खूप खरखर होती. गावाचं नाव नीट ऐकू आलं, पण वरचं की खालचं ते कळलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं. पण साहेब डोक्यावर उभे होते, त्याच सकाळी त्यांनी पुन्हा-पुन्हा विचारतो म्हणून सगळ्यांसमोर बाबांचा पाणउतारा केला होता. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी अंदाजाने 'वरचं' असं लिहिलं आणि कागद साहेबांच्या हातात दिला. तुकडी गेली. संध्याकाळी मूळ निरोप पुन्हा आला, खालच्या गावाचा. तोवर वरच्या गावातून धूर दिसत होता. साहेबांनी अहवालात तळ होता असं लिहून टाकलं आणि बाबा गप्प राहिले.

"किती माणसं?" मी विचारलं.

"मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने किती ऐकलं मला माहीत नाही. ती आत गेली आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणाशीच बोलली नाही.

रविवारभर मी नकाशासमोर बसून होते. दप्तरखान्यात बारा वर्षं मी लोकांना सांगत आले की कागद बघा, ऐकीव गोष्टी सोडा. आता कागद एक सांगत होता आणि बाप दुसरं. त्रिकोण काढायचा तर कारण द्यावं लागणार. कारण द्यायचं तर बाबांचं नाव. चौकशी झाली तर, पेपरात आलं तर, त्यांच्या छातीत पुन्हा कळ आली तर? त्रिकोण तसाच ठेवायचं मनात आलं नाही असं नाही. कोणाला कळणार होतं?

सोमवारी सकाळी बाबा कपडे करून तयार. हातात दोन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, खाली पूर्ण नाव, घरचा फोन नंबर आणि सही.

"हे तुझ्या नियमांच्या पुस्तिकेत घाल. नाव गाळायचं नाही."

मी म्हटलं, बाबा, आपण विचार करू. ते म्हणाले, विचार करूनच पस्तीस वर्षं गेली.

प्रकाशक वैतागला, पण पानं वाचल्यावर त्याने आवाज खाली आणला. छपाई दोन महिने पुढे गेली. त्रिकोण गेला. नियमांच्या शेवटी बाबांचं निवेदन जसंच्या तसं छापलं. त्याची एक प्रत मी दप्तरखान्यात त्या अहवालाला जोडली, वरिष्ठांची नाराजी पत्करून. आई आठवड्याने बोलायला लागली, तीही आधी औषधांच्या वेळांपुरतीच.

खेळ बाजारात आल्यापासून अनोळखी नंबरवरून फोन वाजला की आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो. बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी विकत असतं. परवा दुपारी मात्र एका बाईने बाबांचं पूर्ण नाव घेतलं. मी फोन त्यांच्याकडे दिला. ते उभे राहून ऐकत होते, बराच वेळ, मध्ये फक्त "हो" आणि "मीच". मग त्यांनी पेन मागितलं आणि हातावरच नंबर लिहून घेतला.

"तिथल्याच आहेत," ते म्हणाले. "तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. भावाशी बोलून परत फोन करते म्हणाल्या."

त्या शनिवारनंतर आईने पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. आज तिसरा दिवस आहे. फोन मधल्या खोलीतल्या टेबलावर ठेवलाय, आवाज पूर्ण मोठा करून, आणि बाबा आंघोळीला गेले तरी दार लोटून घेतात, कडी लावत नाहीत.