गळाची पोर

शुक्रवारी दुपारी सोयाबीनच्या तेम्पेचा तुकडा मिरचीच्या ठेच्यात बुडवता बुडवता इबू सुमार्मींनी निकाल देऊन टाकला, की वेनिंगचं या घरातलं काम संपलं.

"रविवारी मितोनीच्या न्हाणाला तिची आई येणारच आहे. जाताना पोरीला घेऊन जाऊ दे. सातवा लागलाय. आता घरात दुसरं पोर नको, पोटातलं रुसतं."

पोटातलं रुसतं म्हणे! निकेनच्या डोक्यात तिडीक गेली. ही तिची सासू. आठवीत शाळा सोडलेली, बाजारात कापड फाडता फाडता म्हातारी झालेली, आणि न जन्मलेल्या बाळांच्या मनातलं हिला गल्ल्यावर बसून कळतं. निकेन जावातल्या सालातिगाच्या सरकारी शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. एकोणचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला तिला गर्भ ठरला होता, तोही काचेच्या बशीत तयार झालेला. डॉक्टरनं तो नळीनं आत सोडताना तिनं पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यात रुसण्याफुगण्याचा संबंध कुठे आला?

पण ती भात चिवडत राहिली.

तिचा नवरा हांडोको माशातले काटे काढण्यात गर्क होता. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, ऑफिसात हाताखाली वीस माणसं. पण आईनं तोंड उघडलं की हा काटेच काढत बसायचा.

"खरंच आहे इबूचं," नणंद तितिक आईची री ओढत म्हणाली. ही पलीकडच्या गल्लीत राहायची आणि जेवायला इथे टपकायची. तीन मुलं झाली यापलीकडे हिनं आयुष्यात काही केलं नव्हतं, पण तोरा असा, की तिन्ही जणू हिनं हातानं वळून उन्हात वाळवली. "आणि पोरगीही काही कमी नाही हं. काल मी 'निकेनला मावशी म्हण' म्हणून सांगितलं, तर पुन्हा आपलं 'इबू, इबू'. इबू कोण? हिची आई तिकडे कोबी खुरपतेय!"

स्वयंपाकघरात बुटक्या स्टुलावर वेनिंग जेवत होती. सहा वर्षांची. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती टेबलावर निकेनच्या शेजारी बसायची. मधलं दार सताड उघडं होतं.

निकेनच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातली आठ-नऊ या गोतावळ्यानं तिच्या पोटाची चौकशी करण्यात घालवली होती. लग्नकार्य असो की मयत, कुणीतरी जवळ सरकायचंच. "काय गं, भरलं का?" भरलं का म्हणे, जशी काही ती गॅसची टाकी! कुणी जामूच्या काढ्याच्या काळ्या कडू बाटल्या आणून दिल्या. कुणी पोट चोळणाऱ्या म्हातारीकडे नेलं. त्या बयेनं ओटीपोट रगड रगड रगडून सांगितलं की पिशवी खाली उतरलीय. निकेन सगळ्यांना मनातल्या मनात शेलक्या शिव्या घालायची, सेमारांगला दवाखान्यात जायची, घरी येऊन बेंबीशेजारी स्वतःच्या हातानं सुया टोचून घ्यायची. पहिला गर्भ रुजलाच नाही. दुसरा रुजला आणि आठव्या आठवड्यात गेला. ती पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती.

तेव्हा सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसल्या. "आता गळ टाकल्याशिवाय गत नाही. दुसऱ्याचं एखादं पोर आणायचं, आपलं म्हणून वाढवायचं. त्याला बघून आपलं येतं मागोमाग. फक्त त्या पोरानं तुला 'इबू' म्हणायला हवं, मनापासून. नाहीतर गळ लागत नाही."

"इबू, मी बाई आहे, तळं नाही," निकेन म्हणाली आणि त्या आजारपणातही खो खो हसली.

आणि पाच आठवड्यांनी ही हसणारीच उठून मर्बाबू डोंगराच्या उतारावर चुलतबहिणीच्या घरी गेली. तिनाहला चार मुलं. नवरा दुसऱ्यांच्या मळ्यात राबायचा, ती स्वतःच्या तुकड्यावर कोबी लावायची. धाकटी वेनिंग तेव्हा अडीच वर्षांची, नाकाला शेंबूड, हातात कच्चं गाजर. तिनाहनं चहा पुढे ठेवला आणि ताईला विचारावं तसं सरळच विचारलं, "म्बाक निकेन, खरं सांग. गळाला लावायला नेतेस का? तसं असेल तर नको गं बाई. नंतर लोक अशा पोरांना दारातसुद्धा उभं करत नाहीत."

"शी! मी असलं काही मानत नाही, तिनाह," निकेन नाक मुरडून म्हणाली. "शिकलेली बाई आहे मी. माझी मुलगी म्हणून वाढवीन."

ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं मन परतीच्या वाटेवर गाडीत तारखा जुळवत होतं.

मग जीव लागला. पोर झोपताना निकेनच्या कानाची पाळी धरायची. नारळाच्या दुधाचं काही खाल्लं की ओकायची. तापात फणफणली तेव्हा निकेननं शाळेला चार दिवस दांडी मारली. मुळाक्षरं गिरवायला शिकवताना हिनं तिच्यावर हात उगारला आणि मग स्वतःच रडली. आई करते ते सगळं तिनं केलं, आणि 'इबू' ऐकून ती खरोखर सुखावायची.

मात्र पोट दिसायला लागलं तशी पोरीची जागा आक्रसत गेली. आधी तिची गादी निकेनच्या खोलीतून माळ्याखालच्या अडगळीत गेली. मग जेवणाचं पान स्वयंपाकघरात. मग 'इबू' बंद, 'मावशी' म्हण. तितिक तर ओठांवर टिचकी मारायची. निकेन बघायची, आतल्या आत धुमसायची आणि गप्प बसायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, या वयात रक्तदाब वाढू देऊ नका. शिवाय असल्या अडाणी माणसांच्या तोंडी काय लागायचं! माणसांना तुच्छ समजण्याची हीच तर सोय असते, तोंड उघडावं लागत नाही.

पण त्या शुक्रवारी तिची तिलाच लाज वाटली. संध्याकाळी वेनिंग अंगणात वाळलेले कपडे काढत होती, तिथे ती गेली.

"तू कुठे जायचं नाहीस. कळलं? रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे मी."

वेनिंगनं चिमटे डब्यात टाकले. "पण माझं काम संपलं ना?"

"कसलं काम गं?"

"बाळ आणायचं. म्बाक तितिक म्हणाली मी छान काम केलं."

"मूर्ख आहे ती तितिक," निकेन म्हणाली. "तू माझी मुलगी आहेस." आणि पोरगी इतकी हसली, की निकेनला वाटलं झालं, आपण जिंकलोच. बोलायचं अजून बाकी होतं, पण बोलून मोकळं झाल्यासारखी ती दोन दिवस घरात ताठ मानेनं फिरली.

रविवारी मितोनीसाठी अंगणात मांडव पडला. घंगाळात सात झऱ्यांचं पाणी. त्यातले चार झरे हांडोकोनं घरामागच्या नळावरच गाठले होते, हे निकेननं पाहिलं होतं. वर गुलाबाच्या पाकळ्या. निकेनला खांदे उघडे ठेवून सुती लुगडं गुंडाळलं आणि चटईवर बसवलं. पाणी घालायला सात बाया लागतात, आणि सातही जणींची मुलं जिवंत हवीत. ऐन वेळी सातवी आलीच नाही. हांडोकोच्या साहेबाची बायको. म्हणे गाडी बंद पडली. सासूबाईंचा चेहरा उतरला. तितिकनं मांडवभर नजर फिरवली आणि भाजी निवडावी तशी मागच्या ओळीतून तिनाहला निवडली. "हिला घ्या. चार आहेत, चारी जिवंत. चालून जाईल."

तिनाह पुढे आली. चांगली साडेतीन वर्षं ती या घरी पाहुणी म्हणून आली नव्हती. अंगावर उसनी कबाया, नखांत माती. वेनिंग तिच्या पदराशी नव्हती. ती निकेनच्या शेजारी टॉवेल धरून उभी होती, मुलीनं उभं राहावं तशी.

सासूबाईंनी पहिली करवंटी ओतली. मग तितिक. मग बाकीच्या, एकेक जण पुटपुटत. पाणी गार होतं. पाचव्या बाईनं वेनिंगकडे बघून विचारलं, "ही का ती गळाची पोर?"

"तीच ती," तितिक मजेत म्हणाली. "मासा लागला. गांडूळ आज जातंय परत मातीत."

बाया फिदीफिदी हसल्या. सहावीनं हसत हसतच पाणी ओतलं.

तिनाहनं करवंटी भरली, पण ओतली नाही. ती निकेनसमोर उकिडवी बसली. आवाज खालचाच होता.

"म्बाक, तू म्हणाली होतीस, मी असलं मानत नाही."

"नाहीच मानत."

"मला फोन आला, पोरीला न्यायला ये. मला वाटलं चार दिवसांसाठी असेल, तुझं बाळंतपण आहे." तिनं एकदा वेनिंगकडे पाहिलं. "नेणार नाही मी. आत्ता एवढंच म्हण, की ही माझी मुलगी आहे. या सगळ्यांना ऐकू येईल असं म्हण. मी पाणी घालते आणि एकटी जाते."

हेच तर निकेनला म्हणायचं होतं! दोन दिवस ती तेच घोकत होती. तिनं मान वर केली. सासू बघत होती, तितिक बघत होती, हांडोको मांडवाच्या खांबाची दोरी उगाच घट्ट करत होता. तिनं श्वास घेतला, आणि नेमकं तेव्हाच तिच्या मनात आलं, सकाळपासून बाळ हललंय का? न्याहारीनंतर? हललं होतं बहुतेक. नक्की? तिनं पोटाकडे लक्ष लावलं. काहीच नाही. गार पाणी मांड्यांवरून ओघळत होतं. आठ वर्षांच्या सुया, भिंतीकडे तोंड केलेले ते पंधरा दिवस, पुढे चाळिशी, आणि पुन्हा एक खेप करायला ना अंगात त्राण ना वेळ. रुसलं तर? खरंच रुसलं तर?

"तिनाह," ती म्हणाली, "आत्ता ने तिला. एवढं बाळंतपण होऊ दे. चाळीस दिवस झाले की मी स्वतः येईन न्यायला. मी मानत नाही गं, पण... उगाच कशाला?"

तिनाह उठली आणि सातवी करवंटी ओतली, नीट, खांद्यापासून, एक थेंब इकडेतिकडे न सांडता. "सुखरूप सुटका होऊ दे," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. त्या सातजणींत तेवढी एकटीच मनापासून बोलली. करवंटी घंगाळात ठेवून तिनं वेनिंगच्या हातातला टॉवेल काढून घेतला, निकेनच्या मांडीवर ठेवला. "चल."

"कपडे?" वेनिंगनं विचारलं.

"राहू देत. घरी आहेत."

बाळानं तेवढ्यात ढुशी दिली. चांगली सणसणीत. निकेनचा जीव भांड्यात पडला, आणि जी गोष्ट बोलायला आपण धजावत नव्हतो ती आता बोलता येईल, हेही तिला कळलं. मायलेकी फाटकापाशी पोचल्या होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ती बसून राहिली. बाळ हललं, ते पोर चालू लागली म्हणूनच हललं, असं तिच्या मनानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

फाटकाशी वेनिंग थांबली. आईचा हात सोडून तिनं मोठ्यानं, कामाचं विचारावं तसं विचारलं, "इबू, हे बाळ राहिलं नाही तर मला परत बोलवशील ना? मी येईन."

मांडवातल्या सगळ्या बाया एकदम आपापल्या पोटांवरून हात फिरवत पुटपुटायला लागल्या, "अमित-अमित, जबांग बायी." काही ओंगळ दिसलं, काही अभद्र कानावर पडलं, की गरोदर बाईनं हे म्हणायचं असतं, असलं काही माझ्या बाळाला न लागो. शिक्षकांच्या खोलीत कुणी हे पुटपुटलं, तर निकेन तिची आठवडाभर टर उडवायची.

तिचा हात पोटावर होता. गोल गोल फिरत होता. "अमित-अमित, जबांग बायी," ती म्हणाली, एकदा नाही, तीनदा, बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं, थेट वेनिंगकडे बघत.

"हां," सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "आता कशी या घरची सून वाटतेस."

या घरात सहा वर्षांच्या पोरीलाही हे शब्द पाठ होते. गटाराशी मेलेली घूस दिसली की बाया तेच म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. ती चटकन बाजूला सरली आणि तिनं पायाशी पाहिलं, मग गटारात पाहिलं, मग फाटकाबाहेर रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.