रिंकवरचा भोंगा

भोंगा वाजायला लागला आणि मार्नीच्या काळजात धस्स झालं. खाली बर्फावर, आइस हॉकीच्या सामन्यात, तिची लेक टेसा गोलपुढे उभी होती, अंगावर तिच्याच वजनाचे पॅड चढवून. दुसरा पिरियड नुकता सुरू झालेला.

भोंगा म्हणजे बर्फ घासायची, धूर सोडणारी गाडी ठेवतात त्या गराजच्या भिंतीवरची, बॅटरीवर चालणारी पेटी. हवेत कार्बन मोनॉक्साइड वाढला की ती बोंब ठोकते. त्या मेल्या वायूला ना वास, ना रंग. माणूस सुस्तावतो, डोकं धरून बसतो आणि बसल्या जागी जातो. तेव्हा आत्ता दोनच गोष्टी शक्य होत्या: पेटी बिघडली होती, नाहीतर पोरं विष ओढत होती.

पण मागच्याच महिन्यात ही पेटी अशीच ओरडली होती. मार्नीच्याच सांगण्यावरून वेंडलने, म्हणजे रिंकच्या व्यवस्थापकाने, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांना कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत उभं केलं, आणि निघालं काय? सर्किटमधला सोल्डरचा एक तुटका टाका. मार्नी शेजारच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, म्हणून दुरुस्तीही तिनेच केली. त्यानंतर गावाने दोघांची जी टिंगल केली ती अजून थांबली नव्हती.

"मार्नीबाई!" वेंडल धापा टाकत आला. "तुझी लाडकी परत रडायला लागली. गप्प कर तिला. या वेळी मी कुणालाही बाहेर काढणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"आणि खरंच असलं तर?"

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस. माझी सासू अजून बोलत नाही माझ्याशी!"

मार्नीने एकदा बर्फाकडे बघितलं. खेळ थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. पण लोक हसतील या भीतीने तिची जीभ उचलेना. काय म्हणावं अशा भीतीला! तिने पेटी भिंतीवरून काढली आणि हत्यारं ट्रकमध्ये होती म्हणून ती घेऊन बाहेर पळाली.

ट्रकचं दार उघडं टाकून, सीटवर पेटी ठेवून तिने मीटर लावला. आत ऑप-अँप होता, आठ पायांची काळी चिप. सेन्सरकडून आलेला इवलासा प्रवाह मोठा करून भोंग्याला द्यायचा, एवढंच त्याचं काम. बघते तर मीटरचा काटा पार खाली, भोंगाही गप्प.

"खोटारडी कुठली," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. मागचाच टाका असणार, गाडीच्या धक्क्यांनी पुन्हा हलला असणार. तिने तो नव्याने लावला, पेटी भिंतीवर टांगली आणि मीटर तसाच जोडून ठेवला.

"झालं?" वेंडलने विचारलं.

"झालं."

"वाचवलंस बघ. कॉफी माझ्याकडून."

तो वळला आणि काटा हलला. हळूच वर सरकला, थोडा आणखी वर. मार्नी पुढे वाकली. तुटक्या टाक्याने काटा उसळी मारतो, एकदम वरच्या टोकाला जाऊन आपटतो. हा तर सावकाश चढत होता.

तिने वीज तपासली. बरोबर. ग्राउंडची तार, बरोबर. टाका घट्ट. मग चिपचे दोन आवक पाय मोजले. ऑप-अँप धड असला तर त्या दोन पायांवरचा विजेचा दाब सारखाच ठेवतो. बिघडला की पहिला फरक तिथेच पडतो.  दोन्ही पाय अगदी सारखे. सेन्सर उपटला तर काटा खाली बसला. पुन्हा लावला तर चढायला लागला.

देवा, एखादा तरी बिघाड सापडू दे, ती मनात म्हणत होती. आजवर बिघाड सापडला नाही म्हणून ती चिडायची. आज एकही सापडत नाही म्हणून तिला रडू फुटत होतं. सर्किट ठणठणीत होतं. ट्रकमध्ये काटा पडला, कारण ट्रकमध्ये हवा स्वच्छ होती! मोकळ्या हवेत नेऊन ती पेटीला विचारत बसली होती, विष आहे का म्हणून. भोंगा पुन्हा ओरडायला लागला.

"वेंडल! पंखा चालू आहे ना?"

"कसला? हवा बाहेर टाकायचा? सकाळीच बंद केला. बाकांवर लोक कुडकुडतात गं..." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला.

"सगळ्यांना बाहेर काढ! अरे खरं आहे हे, खरं आहे!"

 वेंडलने धावत जाऊन माइक धरला आणि पंचाच्या शिट्टीचीही वाट न पाहता सगळ्यांना बाहेर पडा म्हणून ओरडला. लोक कुरकुरत निघाले. "निघाली बघा मार्नीची सहल!" कुणीतरी म्हणालं आणि चारजण हसले. पोरं स्केट्सवरच बाहेरच्या बर्फात उतरली. मार्नी एकेकाचं तोंड बघत होती. गोलकीपरचे पॅड दिसले. पण आत दुसरीच पोर.

"टेसा कुठाय?"

"मळमळतंय म्हणाली," कोच म्हणाला. "कपडे बदलायच्या खोलीत पड जरा, म्हटलं."

ती खोली गराजला लागूनच. मार्नी किंचाळली की नाही तिला आठवत नाही. ती आत धावली, मागून वेंडल. टेसा बाकाखाली मुटकुळं करून पडली होती. दोघांनी तिला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं.

अग्निशामक दलातला स्वयंसेवक रूडी प्रेक्षकांतच होता. त्याने आपल्या ट्रकमधून प्रथमोपचाराचा पेटारा आणला आणि टेसाच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला. आकडा उमटला.

"नव्व्याण्णव! एकदम झकास," रूडी म्हणाला. "ऑक्सिजन भरपूर आहे. गाल बघ कसे गुलाबी. घाबरवलंस की गं आम्हाला."

भोवतालच्या लोकांनी सुस्कारा टाकला. मार्नीला मात्र त्या गुलाबी गालांचीच भीती वाटली. चिमटा रक्ताचा रंग बघतो. रक्त कशाने भरलंय, ऑक्सिजनने की त्या विषाने, हे त्याला कळत नाही.

"काढ ते आणि ऑक्सिजन लाव."

"अगं, पण नव्व्याण्णव आहे!"

"खोटं आहे ते, रूडी! लाव म्हणते ना!"

"मागच्या महिन्यात पेटी खोटी, आता चिमटा खोटा," मागून एकजण पुटपुटला. "हिला काही पटतच नाही."

हसायचं तेवढं हसा, मेल्यांनो. मार्नीने रूडीच्या पेटाऱ्यातून मास्क ओढून घेतला, टेसाच्या तोंडावर दाबला आणि ती रूडीकडे अशी बघत राहिली की त्याने निमूट नळी उघडली. बर्फात गुडघे टेकून ती लेकीचा श्वास बघत बसली. छाती वर आली, खाली गेली. पुढचा यायला उशीर झाला. मग तोही आला.

लांबून रुग्णवाहिकेचा आवाज यायला लागला तेव्हा टेसाने डोळे किलकिले केले आणि मास्कला हात घातला.

"आई, सोड ना, दुखतंय."

"दुखू दे," मार्नी म्हणाली आणि दोन्ही हातांनी मास्क आणखी घट्ट धरला.