अंगठ्याखालचं अक्षर

केस जिंकल्यावर माणूस निदान चार घास सुखानं खातो, असं डिम्फना टॅन्सीला वाटायचं. पण जिंकल्यापासून तिच्या घशाखाली बटाटासुद्धा उतरत नव्हता. आयर्लंडमधल्या बॉयल गावापलीकडचं बार्टली काकांचं घर आणि भोवतीचं अकरा एकर कुरण तिचं, असं न्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं होतं. चौदा वर्षं तिनं काकांचं हगणंमुतणं काढलं. हे सगळं तुझंच, असं म्हातारा दहा जणांदेखत म्हणायचा, आणि गेल्यावर कळलं की घर त्यानं केव्हाच पुतण्याच्या, मॅलॅकीच्या नावावर करून टाकलंय. कोर्टानं ते फिरवलं. घर तिच्या नावावर करायच्या खतावर मॅलॅकी सही करेना, तेव्हा कोर्टाच्या अधिकाऱ्यानंच त्याच्या जागी सही ठोकली. संपलं की नाही?

कुठलं संपतंय! सरकारी नोंदवहीत मालक अजून मॅलॅकीच होता. मुद्रांक शुल्क भरल्याचा दाखला जोडल्याशिवाय नोंदणी कचेरी खताला हातसुद्धा लावत नाही. शुल्काचे पैसे तिनं तीन कालवडी विकून केव्हाच बाजूला काढले होते. घोडं अडलं भलतीकडेच. शुल्काच्या अर्जात देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही करक्रमांक लागतो. सात आकडे आणि शेवटी एक अक्षर. कोर्टानं मॅलॅकीच्या नावानं सही केली खरी, पण त्याचा क्रमांक काही कोर्टाला ठाऊक नव्हता. तिच्या वकिलानं, फिन्टन क्विगनं, कर खात्यात विचारलं. एकाचा क्रमांक दुसऱ्याला सांगत नाही म्हणाले.

आणि सोमवारी डिम्फनाला खिडकीतून भडक पिवळं जाकीट दिसलं. झाडं लावणाऱ्या कंपनीचा माणूस कुरणात पावलं मोजत होता. ती कंपनी कुरण घेते, त्यात स्प्रूसची उंच, दाट झाडं खच्चून लावते, आणि पंधरा वर्षांत शेजारच्या घरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. डिम्फनाच्या मावशीचं घर असंच गेलं. आता रस्त्यावरून त्याचं धुराडंही दिसत नाही.

तिनं धावत जाऊन फिन्टनला विचारलं, मॅलॅकी कंपनीला विकू शकतो का. फिन्टननं चष्मा पुसला. दावा चालू असतानाच, या जमिनीवर वाद आहे अशी खूण नोंदवहीत करून ठेवता आली असती. त्यानं सुचवलंही होतं, आणि डिम्फनाच नको म्हणाली होती. चुलतभावाच्या नावापुढं डाग लागणार, तो कुणीही पाच युरो टाकून बघणार, मग रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडानं बसायचं? भावाला कोर्टात खेचताना लाज वाटली नव्हती, खूण करताना मात्र वाटली.

"म्हणजे नोंदवही कोरी आहे," फिन्टन म्हणाला. "आता ज्याचा कागद आधी पोचेल..."

त्याचं कुरण, हे पुढचं डिम्फनानं मनातच पुरं केलं.

मॅलॅकीकडे ती एकटीच गेली. तो राहायचा डोंगराकडच्या वाटेला, दोन कुत्री आणि मोडका ट्रेलर घेऊन. फाटक उघडताना कडी वाजली आणि कुत्री आली. भुंकली नाहीत, नुसती तिच्या दोन्ही बाजूंनी चालू लागली. भुंकली असती तर बरं झालं असतं. दार तीनदा वाजवलं. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. दार मात्र उघडलं नाही. एक कुत्रं तिचा बूट हुंगत होतं, आणि पळायचं तर फाटक चाळीस पावलांवर. तिनं दारालाच तोंड लावून सांगितलं, मला क्रमांक हवाय, दुसरं काही नको.

खिडकीचा पडदा सरकला. मॅलॅकी काचेपलीकडं उभा होता, दाढी वाढलेली, हसत. हातात सरकारी पत्र. बेकारभत्त्याचं असणार. ते त्यानं काचेवर सपाट दाबून धरलं.

"वाच की," तो आतून म्हणाला. "कोर्टात फार वाचता येत होतं तुला."

तिनं पेन काढलं, कागद सापडेना, मग तळहातावरच उतरवू लागली. पाच आकडे झाले, सहा, सात. शेवटच्या अक्षरावर त्याचा अंगठा होता. अंगठा काढ, असं तिनं सांगितलं. त्यानं तो आणखी दाबला, नखाखाली पांढरा पडेपर्यंत. कंपनीचा माणूस शुक्रवारी सह्या घ्यायला येतोय, हे सांगून त्यानं पडदा ओढला.

तो दिवस गुरुवार.

फिन्टनच्या कचेरीत टायपिंग करायला कॉन्सेप्टा फीली होती. सत्तरीची बाई. तीस वर्षं बेकारभत्त्याच्या खिडकीमागं बसलेली, गावातल्या अर्ध्या लबाडांना चेहऱ्यानं ओळखणारी. डिम्फनाचा तळहात तिनं ज्योतिष्यासारखा धरला आणि आधी त्यावरचा कुत्र्याचा केस झटकला.

अक्षर नाही म्हणून फिन्टननं कपाळाला हात लावला. अंदाजानं कुठलंही अक्षर टाकावं तर अर्ज परत येणार.

"अगं, रडतेस काय," कॉन्सेप्टा म्हणाली. "ते अक्षर देव नाही ठरवत. आकडेच ठरवतात."

लबाडी पकडायला खात्यानंच ती युक्ती केलेली. पहिल्या आकड्याला आठानं गुणायचं, दुसऱ्याला सातानं, असं उतरत दोनापर्यंत. बेरीज करून तेविसानं भागायचं. जी बाकी उरेल त्या क्रमांकाचं इंग्रजी अक्षर. कॉन्सेप्टानं पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. बाकी अकरा. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, के.

डिम्फनानं तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा के. फिन्टननं अर्ज भरून पाठवला आणि तिघं संगणकाच्या पडद्याकडे बघत बसली. डिम्फनाच्या मनात आलं, मॅलॅकीनं दाखवलेलं पत्र दुसऱ्याच कुणाचं असलं तर? मेलेल्या माणसाचं? मग क्रमांक जुळला, शुल्क घेतलं गेलं, आणि दाखला छापून बाहेर आला.

शुक्रवारी जिल्ह्याच्या गावची, रोसकॉमनची नोंदणी कचेरी उघडायच्या आधी ती दारात उभी होती. खिडकीतल्या पोरीनं खत घेतलं, दाखला पाहिला, शिक्का मारला आणि कागद आत नेले. डिम्फनानं जाता जाता विचारावं तसं विचारलं, या जमिनीवर आणखी कुणाचा अर्ज आलाय का.

पोरगी संगणकात बघत राहिली. फार वेळ.

"हो, एक दिसतोय," ती म्हणाली. "आजचाच आहे."

डिम्फनानं काउंटरची कड धरली. मावशीच्या घरातला दुपारचा दिवा तिच्या डोळ्यांपुढं आला.

"टॅन्सी," पोरीनं वाचलं. "डिम्फना. तुम्हीच ना?"

तिनं मान हलवली. मग पोरीला पुन्हा बघायला लावलं, खाली आणखी काही आहे का. खाली काही नव्हतं. तरी ती खिडकीसमोरून हलली नाही. मागं रांग लागली, कुणीतरी खाकरलं, आणि तिनं पोरीला तिसऱ्यांदा बघायला सांगितलं.