जुन्या फोल्डरची वाट

जालन्याच्या त्या तंत्रनिकेतनात नवा कम्पायलर बसवला, त्या दिवशी अप्पाराव सरांनी लॅबच्या दारात नारळ फोडला आणि फोटो काढून घेतला. कम्पायलर म्हणजे पोरांनी लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर. ते कुणी नारळ फोडून बसवल्याचं लॅब असिस्टंट भावनानं आजवर ऐकलं नव्हतं. पण सर विभागप्रमुख होते, आणि विभागप्रमुखाला काहीतरी फोडावं लागतंच.

"जुना कम्पायलर काढायचा का सर?" तिनं विचारलं.

"राहू दे की. दोन असले तर बिघडलं कुठं?"

बिघडलं दुसऱ्याच दिवशी. प्रोग्राम नव्या कम्पायलरनं बिनबोभाट तयार व्हायचा आणि चालवायला गेलं की बंद पडायचा. साधं स्वतःचं नाव छापणाराही. 'लागणारी आवृत्ती सापडली नाही' एवढाच संदेश.

"व्हायरस!" सरांनी संदेश न वाचताच निकाल दिला. "पोरं मोबाइल जोडून राह्यलेत."

तीसच्या तीस मशीन पुसून कोऱ्या केल्या आणि दोन्ही कम्पायलर पुन्हा बसवले. नंतर सरांनी आपल्या पेनड्राइव्हवरची सेटिंगची फाइल सगळीकडे स्वतःच्या हातानं टाकली, आणि रोग जसाच्या तसा परत आला. तरी त्यांनी पुन्हा मशीन पुसायला लावल्या. भावना पाहत राहिली. घाण पाण्यानंच फरशी पुसणारा माणूस तिनं एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिला होता.

तिनं ती फाइल उघडून वाचली. प्रोग्रामला चालताना काही तयार तुकडे लागतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. त्या कुठल्या फोल्डरात शोधायच्या हे त्या फाइलीतल्या एका ओळीत होतं, आणि तिथं पहिला नंबर जुन्या कम्पायलरच्या फोल्डरचा होता. नव्यानं बांधलेला प्रोग्राम जुन्या दारी जात होता आणि हात हलवत परतत होता. ओळीच्या वर सरांचं नाव होतं आणि सात वर्षांपूर्वीची तारीख.

ती सांगायला गेली, तर सर म्हणाले, "भावना, तू धूळ झटकायचं बघ. हे टेक्निकल हाये."

आठवड्यानं प्रात्यक्षिक परीक्षा आली. संभाजीनगरहून बाहेरचे परीक्षक आले, काकासाहेब नावाचे, फार न बोलणारे. आष्टीहून शिकायला आलेल्या प्रीतीचा प्रोग्राम तयार झाला आणि चालवताना पडला. शेजारच्या पोराचाही, त्याच्या शेजारचाही.

"शून्य द्या सर," अप्पाराव सर म्हणाले. "पाठ करून येतात, डोक्यात काही न्हाई."

प्रीतीचा चेहरा पांढरा पडला. धूळ झटकण्याचं ऐकून घेताना भावनाला एवढा राग आला नव्हता.

"सर, पाच मिनिटं द्या," ती परीक्षकांना म्हणाली आणि प्रीतीच्या खुर्चीजवळ जाऊन एक आज्ञा टाइप केली. प्रोग्राम कुठली लायब्ररी कुठून उचलतो ते पडद्यावर आलं. जुना फोल्डर. तिनं त्या ओळीत नव्या कम्पायलरचा फोल्डर सगळ्यात पुढे लिहिला आणि प्रीतीला म्हणाली, "चालव आता." प्रोग्राम चालला. प्रीतीच्या प्रोग्राममधलं एक अक्षरही बदलावं लागलं नव्हतं.

परीक्षकांनी चष्मा वर केला. "ही ओळ कुणी लिहिली?"

भावनानं नुसतं पडद्याकडे बोट केलं. नाव सगळ्यांनी वाचलं. मागून कुणीतरी हसू दाबलं.

"टायपिंग मिस्टेक असंल," सर म्हणाले. सात वर्षं जपलेली टायपिंग मिस्टेक! प्रीतीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

भावनानं तासाभरात तीसही मशीन नीट केल्या आणि परीक्षकांनी परीक्षा पहिल्यापासून घेतली. प्रीतीला पंचवीसपैकी बावीस मिळाले.

पुढच्याच सोमवारी सर लॅबमध्ये आले. भोकरदनच्या कॉलेजात शिक्षकांसाठी कार्यशाळा होती, विषय 'लायब्ररीचे मार्ग', वक्ते अप्पाराव सर.

"पंधरा-वीस स्लाइड करून दे जल्दी. तुला समजतंय थोडंफार."

"न्हाई सर," भावना कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाली. "हे टेक्निकल हाये."

सर आले तसे परत गेले.