आकारामला झोप आली का?

२००६ साली चिकनगुनियाने उचगावला असा तडाखा दिला की गल्लीतली धडधाकट माणसं भिंत धरून परसाकडे जायला लागली. मीही त्यातलाच. ताप आठवड्यात उतरला, सांधे हळूहळू मोकळे झाले, पण झोप गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, "व्हायरलनंतर होतं असं कुणाकुणाला. मनाला लावून घेऊ नका." मनाला लावून न घेण्याचं औषध मात्र त्यांच्याकडे नव्हतं. ज्या गोळ्या दिल्या त्यांनी डोकं तेवढं जड झालं.

आजारी माणसापेक्षा सल्ला देणाऱ्याला उत्साह जास्त. कुणी खसखशीची खीर सांगितली, कुणी जायफळ घातलेलं म्हशीचं दूध. माझी बायको शालन रोज संध्याकाळी माझ्या तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची. तूप काळं होईपर्यंत घासायची आणि घासता घासता स्वतःच पेंगायची. माझे पाय मांडीवर, हातात वाटी, आणि बाई घोरतेय. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटायचा. उपाशी माणसासमोर कुणी पुरणपोळी खात बसावं तसं वाटायचं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मी लेथवर होतो. एकदा बोट जाता जाता वाचलं, तेव्हा सुपरवायझरनं मला मशीनवरून काढून स्टोअरला टाकलं. स्टोअरला जेवणानंतर सगळे पोत्यांच्या आड आडवे होतात. तिथंही मीच एकटा टक्क जागा. भर दुपारी मागून कुणीतरी हाक मारल्यासारखं व्हायचं, वळून बघितलं तर कुणी नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी बसलेलं असायचं आणि मान फिरवली की उठून जायचं. हे मी शालनशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

अशात गल्लीच्या तोंडाला राहणारे गुंडूतात्या सकाळी दात घासता घासता गेले. त्यांची लेक सुरतेला दिलेली. लेकीनं बापाचं तोंड बघितल्याशिवाय मयत उचलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. ती येईपर्यंत मयताला एकटं सोडायचं नाही, उशाशी कुणीतरी जागं बसायचं, दिव्यात तेल घालायचं, हा दुसरा. घरची माणसं रडून रडून गळाठलेली. ज्ञानू हा माझा बालमित्र आणि गल्लीतल्या प्रत्येक मयताचा मुकादम. तिरडी, मडकं, शेणी, सगळं त्याच्या शब्दावर चालतं. त्यानं सगळ्यांवर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्या आकारामला बसवा की! तसं बी त्येला झोप न्हाय. फुकट जागतंय गडी, कुनाच्या तरी उपयोगाला यील."

मयताच्या घरी हसू नये म्हणतात, पण हसले लोक. मला राग आला. पण मयताच्या दारात भांडायचं तरी कसं? बसलो उशाशी, भिंतीला पाठ टेकून. तात्यांच्या पायाचे अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधलेले होते, त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्यानंतर एकदम हंबरडाच ऐकू आला. डोळे उघडले तर दारात ऊन, आणि सुरतेची लेक बापाच्या छातीवर पडलेली. मी झोपलो होतो! संध्याकाळपासून सकाळपर्यंत, कूस न बदलता. दिवा तेवत होता, त्यात तेल कुणी घातलं कोण जाणे. ज्ञानू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लई रडलास रं. डोळं सुजल्यात बघ."

ते झोपेनं सुजले होते. मातीहून घरी आलो, अंघोळ केली आणि तीन भाकरी खाल्ल्या. लाज वाटली का? वाटली. पण अंग इतकं हलकं झालं होतं की लाजेकडे बघायला सवड नव्हती. शालनला सगळं सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली.

"मग आता काय, रोज एक मयत आनू व्हय तुमच्यासाठनं?"

घरात पुन्हा तेच. गादी तीच, उशी तीच, डोळे उघडे. मग पलीकडच्या गल्लीतली बाळाबाई गेली. तिचा मुलगा फौजेत, तो जम्मूहून यायचा होता. ह्या वेळी मी न बोलावता गेलो आणि उशाशी जागा धरली. भर दुपार, अंगणात बायकांचा आकांत, आणि मी म्हातारीशेजारी भिंतीला डोकं लावून गाढ. तिच्यानंतर आणखी एकजण, तिथंही तसंच. तेव्हापासून मला एक वाईट खोड लागली. देवळात गेलो तरी कोण खोकतंय तिकडे कान. दुकानात गेलो तरी कुणाचं कोण ॲडमिट आहे याची चौकशी. लोकांना वाटायचं, आकाराम किती मायाळू झालाय.

केरबाआण्णाकडे मी असाच गेलो होतो. जुना पैलवान, तालमीत निम्मा जन्म गेलेला. त्याला नुसती सर्दी झाली होती. खाटेवर बसून तांबडा रस्सा ओरपत होता आणि केबलवाल्याच्या नावानं शिव्या घालत होता. मी त्याच्या पायाशी टेकलो आणि मला जांभई आली. कित्येक महिन्यांत जांभई नव्हती आली मला, जबडा दुखला. मग तिथंच खाटेच्या कडेला कलंडलो. आण्णानं पायानं ढोसलं, "आरं ऊठ! पावनं म्हनून आलंय आनि मेल्यागत झोपलंय बेनं!" सगळं घर हसलं. मीही ओशाळून हसलो. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आत केरबाआण्णा गेला.

सगळ्यात आधी ज्ञानूच्या ध्यानात आलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि तोंडातली तंबाखू थुंकायची विसरला. आठवडाभरात ते अख्ख्या गावाला कळलं.

मला वाटलं, आता लोक मला दारात उभं करणार नाहीत. पण आमची माणसं व्यवहारी. उलट मला न्यायलाच यायला लागली. पोरं मुंबईला, बंगळूरला, कुणी दुबईला. त्यांना लवकर बोलवावं तर रजा फुकट जाते, उशिरा बोलवावं तर बापाचं तोंड दिसत नाही. ह्या पेचावर गावाला मी सापडलो. एक अनोळखी माणूस मोटरसायकल घेऊन दारात आला आणि सरळच म्हणाला, "पावनं, म्हातारं आठ दिस जीव धरून बसलंय. पोराला बोलवायचं का थांबायचं, तेवढं येऊन बघा की."

"मी काय डॉक्टर हाय व्हय?" मी चिडून म्हणालो.

"डॉक्टर नक्की सांगत न्हाईत. तुमी नुस्तं बसा."

मी गेलो. मला खाटेजवळ खुर्ची दिली. आतून कुणी चहा आणत होतं तर घरची थोरली सून ओरडली, "च्या नको गं, झोप उडंल त्यांची!" सगळं घर माझ्या पापण्यांकडे बघत उभं. खाटेवरचा म्हातारा सुद्धा बघत होता. त्याला सगळं कळत होतं. मी पायाच्या नखांकडे बघत बसलो आणि जांभई आलीच. थोरला मुलगा फोन लावायला बाहेर गेला, मी खुर्चीतच झोपलो. उठलो तेव्हा कुणीतरी माझ्या अंगावर चादर घातली होती, आणि दुसरी एक म्हाताऱ्याच्या तोंडावर.

असं पुष्कळ ठिकाणी झालं. एका म्हातारीनं माझा हात धरून विचारलं, "बाबा, आली का रं झोप?" मी म्हटलं, "न्हाय मावशी." तिनं उशाखालून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. ती बरी झाली, अजून आहे. रस्त्यानं जाताना पोरं विचारायची, "आकारामला झोप आली का?" आणि पळून जायची. मी एकदाही चुकलो नाही. लोक तिकडे रडायचे आणि मी ताजातवाना होऊन घरी यायचो. तुम्ही म्हणाल, नाही म्हणायला काय झालं होतं? माझ्यासारखे महिनेच्या महिने जागून बघा, मग विचारा.

माझ्या सुट्टीचा दिवस होता. शालन सोप्यात शेंगा फोडत बसली होती, मी शेजारी. धट्टीकट्टी बाई, सकाळीच दोन घागरी पाणी आणलेलं. शेजारणीची म्हैस कशी दावं तोडून सरपंचाच्या ओसरीवर गेली ते सांगत होती. सांगता सांगता हसत होती. आणि मला जांभई आली.

तिचा हात थांबला. अर्धी फोडलेली शेंग चिमटीत तशीच राहिली. गावाला ठाऊक ते तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच? मी तोंडावर हात दाबला, पण जांभई आत थोडीच परत जाते. ती माझ्याकडे बघत राहिली, मग शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"दमला असशीला," ती म्हणाली.

मी उठलो, तिला हाताला धरून उठवलं, रिक्षात घातलं आणि डॉक्टरकडे नेलं. ती एका शब्दानं नको म्हणाली नाही. डॉक्टरांनी छाती बघितली, ईसीजीची पट्टी काढली, रक्तदाब बघितला. "वहिनींना काही झालेलं नाही. तुमचेच डोळे बघा कसे झालेत." बाहेरच्या बाकावर माझ्याच औषधाच्या चिठ्ठीची वाट बघत होतो तेवढ्यात मी तिच्या खांद्यावर कलंडलो. रांगेतली माणसं हसली. तिनं मला हळूच हलवून उठवलं आणि घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

घरी आल्यावर मी परसात जाऊन उभा राहिलो. तिथं झोप नावालाही नाही, डोकं लख्ख. आत तिच्याजवळ गेलो की पापण्यांवर धोंडे. मला वाटलं, झोपायचंच नाही. मी झोपलो नाही तर काही होणार नाही. कांदा-लसणाच्या चटणीत बोट बुडवलं आणि डोळ्यात घातलं. ओरडलो तशी ती धावत आली, मला खाली बसवलं, पदर दुधात भिजवून डोळे पुसले. आगीनं डोळे फुटायला आले होते, आणि तरी मिटत होते.

"काय येडेपना करालायसा ह्यो?" ती रागावली.

"मी झोपनार न्हाय, शालन. काय बी झालं तरी झोपनार न्हाय."

"तुमी झोपताय म्हनून कोन मरत न्हाय वो. मरायचं आसतं म्हनून तुमास्नी झोप येती. मग जागून काय करनार?"

मला रडू फुटलं. बायकोसमोर मी कधी रडलो नव्हतो, बाप गेला तेव्हाही नाही. तिनं मला रडू दिलं. मग फोन ओढून घेतला आणि कोडोलीला दिलेल्या आमच्या लेकीला लावला.

"साक्षी, उद्या पैल्या गाडीनं ये. पोरास्नी बी आन. न्हाय गं, मला काय झालंय? मी झ्याक हाय. शेंगा फोडल्यात, घिऊन जा. आनि तुझ्या बाला झोप आलीया, बघाय ये."

पलीकडे लेक काहीतरी बोलली. शालन हसली आणि फोन ठेवला. मग भिंतीला टेकून पाय पसरून बसली आणि मांडीवर थोपटून म्हणाली, "या. किती म्हैनं झालं, घरात झोपला न्हाईसा."

मी डोकं ठेवलं. तिच्या लुगड्याला शेंगांचा वास होता. तिचे हात माझ्या केसांत, नेहमीसारखे खरबरीत, गरम. मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"तू बोलत ऱ्हा," मी म्हणालो. "गप बसू नगंस."

ती बोलत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा जत्रेला गेलो तेव्हा मी तिला कसा विसरून पुढे गेलो होतो ते सांगितलं. साक्षीच्या वेळी दवाखान्यात मी कसा बाहेरच्या नळाखाली डोकं धरून बसलो होतो ते सांगितलं. मी हं म्हणत होतो. मग म्हणाली, "एक गोष्ट तुमास्नी कवाच सांगितली न्हाय बघा, सांगू का?" मी हं म्हणालो.

साक्षी सकाळी पहिल्या गाडीनं आली. तिनं दार ढकललं तेव्हा आई तशीच भिंतीला टेकून बसलेली होती आणि मी तिच्या मांडीवर गाढ झोपलो होतो. तिनं मला हाका मारमारून उठवलं, तेव्हा माझ्या मुठीतलं मनगट गार पडलेलं होतं. तिची आई मला काय सांगणार होती, ते साक्षीलाही ठाऊक नाही.