बुचांचा डबा

माझ्या मुलीचा समुद्र अळणी निघाला, ही बातमी मला तिच्या कचेरीच्या जिन्यातच कळली.

"मिठ्याकाका, आज वर जाऊ नका," दारावरच्या बाई म्हणाल्या. "ताईंचा समुद्र अळणी निघालाय म्हणे. त्या कुणाला ओळखत नाहीयेत."

पस्तीस वर्षं जहाजावर पाण्यातलं मीठ मोजलं, म्हणून मी मिठ्या. जिभेच्या टोकावर थेंब ठेवून मी समुद्र कुठला ते सांगतो, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच. तर मी वर गेलो. हातात तिचा जेवणाचा डबा होता, आणि डबा घेऊन आलेल्या बापाला अजून कुठल्या कचेरीनं अडवलेलं नाही.

"ठेवा आणि जा, बाबा."

"जेवून घे आधी."

"चार वाजता समितीला अहवाल द्यायचाय. माझा समुद्र अळणी आहे. किलोला दोन दशांश ग्रॅम मीठ कमी."

"एवढंच ना? बादलीत चिमूटभर. घालून टाक की!"

ती हसली नाही. एरवी ती माझ्या अर्ध्या विनोदाला हसते आणि उरलेल्या अर्ध्याला उशी फेकून मारते.

तिचं काम असं. संगणकात एक पृथ्वी चालवायची. तिच्यात वारा, पाऊस, बर्फ, समुद्र सगळं. याला ते मॉडेल म्हणतात. मग त्यातल्या समुद्राचा खारटपणा खऱ्या समुद्रात मोजलेल्या खारटपणाशी ताडून बघायचा. जुळलं तर पुढची शंभर वर्षं सांगायचा त्या मॉडेलला हक्क. नाही जुळलं तर ते बंद. समितीपुढं आलेली पाच मॉडेलं दुसऱ्यांची, सहावं माझ्या मुलीचं. तिनं अकरा वर्षं घातली होती त्यात.

"पाऊस जास्त पडतोय का बघितलं. बर्फ जास्त वितळतोय का बघितलं. तीन महिने झाले बाबा, चूक सापडत नाही. म्हणजे चूक मीच आहे."

पडद्यावर नकाशा होता. जिथं मॉडेल अळणी तिथं निळा रंग. खालचा, पार दक्षिणेचा सगळा समुद्र निळा पडला होता, आणि त्याच्यावरून काळ्या ठिपक्यांची एक रांग गेली होती.

"हे ठिपके कसले गं?"

"त्या समुद्रात भर हिवाळ्यात गेलेलं एकच जहाज. नंतर सोडलेली, मीठ मोजणारी तरंगती यंत्रंसुद्धा ह्याच आकड्यांना जुळवून दुरुस्त केलीयत. सगळं ह्याच्यावर उभं आहे." मग ती हळूच म्हणाली, "तुमचंच जहाज, बाबा. तुमच्याशीच माझं जुळेना."

जेवणाचा डबा मी टेबलावर ठेवला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं तर बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, खांद्यापर्यंत भरायची, तोंडात प्लास्टिकचं बूच दाबायचं आणि त्यावर झाकण फिरवायचं. बूच नखाएवढं. पण ते नसेल तर नुसत्या झाकणातून पाणी हळूहळू उडून जातं आणि मीठ मागं राहतं, चिवट पाहुण्यासारखं. बाटली दिसायला तशीच. पाणी मात्र खारट होत जातं.

"त्या सफरीत बुचं नव्हती," मी म्हणालो.

"माहितेय. देवमाशानं गिळली." ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

ही गोष्ट तिनं तीन वर्षांची असल्यापासून ऐकलेली. देवमासा आला, बुचांचा डबा गिळला, आणि अजून तो फवारा सोडतो तेव्हा बुचं उडतात. ती टाळ्या पिटायची. खरी हकीकत एवढीच की चौथ्या दिवशी डेकवर मी आचाऱ्याला लाट कशी उसळली ते सांगत होतो. लाट म्हणून हातात बुचांचा डबा. लाट इतकी झकास उसळली, की डबा पाण्यात! मग उरलेल्या सफरीत मी नुसती झाकणं लावली आणि नोंदवहीत दर बाटलीपुढं लिहिलं, 'बूच बसवले'. एकशे ब्याण्णव वेळा.

"देवमासा नव्हता गं."

"बाबा, आज नको."

"मी होतो."

आता तिनं खुर्ची वळवली. क्षणभर तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "मला वाचवायला सांगताय ना हे? मीठमिरची लावल्याशिवाय तुम्हाला बोलताच येत नाही."

"मिरची नव्हती. मीठ मात्र खरंच लावलं."

तेवढ्यात तिचे साहेब आले. उंच, जाड चष्म्याचे, माणूस सज्जन. त्यांना सगळं सांगितलं तर ते हसायला लागले. "काका, मागं तुम्ही सांगितलं होतंत, हिमनगावर कपडे वाळत घातले म्हणून."

"ते खरंच आहे!"

"घ्या!"

जन्मभर थापा मारल्या, लोकांनी कान टवकारून ऐकल्या. आज पहिल्यांदा खरं बोललो तर दोघं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होते, आणि भिंतीवरचं घड्याळ अडीच दाखवत होतं.

"तारखा बघा," मी जवळजवळ ओरडलोच. "परतल्यावर बंदरावर मोजायचं यंत्र एकच. रोज एक खोका मोजायचो. कुठली बाटली चार दिवस थांबली, कुठली सहा आठवडे. बूच नसेल तर जी जास्त थांबली ती जास्त खारट दिसली पाहिजे. भरल्याची तारीख आहे, मोजल्याची तारीख आहे. तेवढं मी खरं लिहिलंय!"

साहेबांचं हसू थांबलं. मुलीनं नोंदवहीची छायाचित्रं उघडली आणि तारखा भरायला बसली. तासभर खोलीत फक्त बोटांचा आवाज.

मग आलेख आला. खाली थांबल्याचे दिवस, बाजूला तिच्या आणि माझ्या आकड्यांतला फरक. ठिपके जिना चढावेत तसे चढत गेले होते. चार दिवस थांबलेल्या बाटल्या तिच्या समुद्राशी जवळजवळ तंतोतंत जुळत होत्या.

तिनं तोंडावर हात धरला.

"वाचलीस पोरी!" मी म्हणालो. "तू अळणी नाहीस. मीच समुद्र खारवला होता."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला. "नाही हो काका. ही मोजमापं बाद झाली की त्यांच्यावर दुरुस्त केलेली यंत्रंही बाद. मग त्या समुद्रात ताडून बघायला उरलं काय? आणि जे ताडलं नाही ते मॉडेल समिती घेत नाही."

"त्या चार दिवसांच्या बाटल्या घ्या की!"

"खोटी नोंद असलेल्या वहीतलं एकही पान घेणार नाहीत."

"मग बाकीची पाच मॉडेलं?"

"ती गेल्या वर्षीच पास झाली," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुमच्या मिठावर."

मी म्हटलं, फाडून टाक तो आलेख. मी बोललोच नाही असं समज. ती म्हणाली, "तसंही बाद, असंही बाद. निदान आकडा तरी खरा जाऊ दे." आणि माझ्यापुढं कागद सरकवला. "लिहा. साधं लिहा."

मी लिहिलं. पहिल्या ओळीतच वादळ आलं. तिनं ते खोडलं. दुसऱ्यांदा आचारी आला. तोही खोडला. शेवटी उरलं ते असं: 'डबा माझ्या हातून पडला. बुचं नव्हती. मी खोटं लिहिलं.' खाली सही केली.

चारला अहवाल गेला. पाचच्या सुमाराला साहेबांना फोन आला. ते दोनदा "हो" म्हणाले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून 'बाद' एवढंच बोलले आणि बाहेर गेले. तिनं नकाशातला दक्षिणेचा निळा पुसून पांढरा केला. माहिती नाही, याचा तो रंग.

मग तिनं जुन्या सफरींची यादी उघडली.

"बाबा, तुमच्या आणखी अकरा सफरी आहेत. त्यांत बुचं होती ना?"

"होती."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी देवाशपथ म्हणणार होतो, पण ते मी हिमनगाच्या वेळीही म्हटलं होतं.

मग तिनं पडद्याकडे तोंड केलं, पहिल्या सफरीची नोंदवही उघडली आणि तारखा भरायला सुरुवात केली.